देवाच्या अभिवचनांवर विश्वास ठेवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पवित्र शास्त्र नियमित वाचणारे, प्रार्थना करणारे आणि तरीही कुठेतरी अडखळलेले विश्वासणारे पुढील प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरांमागची भूमिका आधीच सांगितलेली बरी. अभिवचनाचा आधार ते देणारा आहे. म्हणून त्याने काय म्हटले, कोणाला म्हटले आणि काय म्हटलेच नाही, हे नीट पाहणे हा विश्वासाचाच भाग आहे.

देवाचे अभिवचन आणि माझी इच्छा यांतला फरक कसा ओळखावा?

अभिवचन म्हणजे देवाने स्वतः उच्चारलेला शब्द, ज्याला त्याने स्वतःला बांधून घेतले आहे. इच्छा आपल्याकडून निघते, मग ती कितीही चांगली आणि कितीही प्रार्थनापूर्वक असो. मुलाला अमुक नोकरी मिळावी, अमुक ठिकाणी लग्न जुळावे, हे देवाजवळ मागण्यात काहीच गैर नाही. मात्र बराच काळ मागत राहिल्यावर ते मागणे मनातल्या मनात अभिवचन होऊन बसते, आणि ते पूर्ण झाले नाही की देवाने शब्द मोडला असे वाटू लागते. देवाविषयीच्या निराशेचा मोठा भाग या अदलाबदलीतून येतो, असे माझे मत आहे. सगळी निराशा तिच्यातून येत नाही, हेही खरे, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे.

देव शब्द पाळतो हे कशाच्या आधारावर म्हणायचे?

शास्त्र याचे उत्तर तत्त्वज्ञानाने देत नाही, घटनांनी देते. उत्पत्ती या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात अब्राम (पुढे त्याचेच नाव अब्राहाम झाले) देवाला सरळ विचारतो की तू वचन दिलेला हा कनान देश मला मिळेल हे मी कशावरून समजू. त्यावर देव त्याला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा, एक होला आणि पारव्याचे पिल्लू आणायला सांगतो. अब्राम जनावरे मधोमध चिरून त्यांचे भाग समोरासमोर मांडतो आणि मांसावर उतरणारी गिधाडे दिवसभर हाकलत बसतो. त्या काळी करार करणारे लोक अशा भागांमधून चालत जात. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 34व्या अध्यायातही या रीतीचा उल्लेख आहे, आणि शब्द मोडणाऱ्याची गत या जनावरासारखी होईल हा तिचा गर्भितार्थ. सूर्य मावळू लागल्यावर मात्र अब्रामाला गाढ झोप लागते आणि अंधार पडल्यावर धुमसती शेगडी व पेटती मशाल एवढीच त्या भागांमधून पुढे सरकतात. अब्राम चालतच नाही. कराराचे सगळे ओझे देव एकटा स्वतःवर घेतो.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा 6वा अध्याय याच अब्राहामाला दिलेल्या वचनाविषयी बोलताना म्हणतो की शपथ वाहण्यासाठी देवाला आपल्याहून थोर कोणी नव्हता, म्हणून त्याने स्वतःचीच शपथ वाहिली. गणना या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात तर ही साक्ष बलामाच्या तोंडून येते, ज्याला इस्राएलाला शाप देण्यासाठी बोलावून आणले होते : देव माणूस नाही की त्याने खोटे बोलावे. विरोधी बाजूने बोलावलेल्या साक्षीदाराने असे बोलून जावे, यात शास्त्राची एक मिश्किल बाजू दिसते.

मग इतका उशीर का होतो?

या पानावरचा सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे, आणि त्याला एका वाक्यात बसणारे उत्तर नाही.

देवाचे वचन घेऊन हारान हे गाव सोडले तेव्हा अब्राम 75 वर्षांचा होता. वचनाचा मुलगा इसहाक जन्मला तेव्हा तो 100 वर्षांचा होता आणि त्याची पत्नी सारा 90 वर्षांची. मधली 25 वर्षे त्याने शांतपणे वाट पाहिली असे शास्त्र म्हणत नाही. दुष्काळात तो मिसरात गेला आणि जिवाच्या भीतीने पत्नीला बहीण म्हणाला. 86व्या वर्षी सारेची दासी हागार हिच्यापासून त्याला इश्माएल झाला, आणि तो मार्ग सारेने सुचवलेला होता. म्हणजे शास्त्र ज्याला विश्वासाचा पिता मानते, त्या माणसानेही उशीर असह्य झाल्यावर अभिवचन स्वतःच्या हाताने पुरे करून पाहिले. त्याची किंमत हागारेने आणि तिच्या मुलाने मोजली, आणि देवाने त्या दोघांकडेही पाठ फिरवली नाही, हा भाग आपण वाचताना घाईने ओलांडतो.

उशिराचे एक कारण देवाने त्याच 15व्या अध्यायात सांगितले आहे : तुझी संतती चौथ्या पिढीत इकडे परत येईल, कारण अमोऱ्यांच्या, म्हणजे त्या देशात राहणाऱ्या लोकांच्या, पापाचा घडा अजून भरलेला नाही. एका घराण्याला दिलेले वचन पुरे करताना देव दुसऱ्या लोकांशीही न्यायाने वागत होता आणि त्यांना अवधी देत होता. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायातही हाच सूर आहे. प्रभू येण्यास विलंब का लावतो या प्रश्नाला तिथे त्याची सहनशीलता हे उत्तर आहे. आपल्या प्रतीक्षेमागे प्रत्येक वेळी असेच एखादे कारण सापडेल असे मी म्हणणार नाही. अब्राहामाला कारण सांगितले गेले, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाला अखेरपर्यंत सांगितले गेले नाही.

आणखी एक प्रसंग उत्पत्तीच्या 23व्या अध्यायात आहे. सारा 127व्या वर्षी हेब्रोन येथे वारली. ज्याला सगळा कनान देश देण्याचे वचन होते, त्याच्याकडे पत्नीला पुरण्यापुरतीही जागा नव्हती. मी तुमच्यात परका आणि उपरा आहे, असे हित्ती लोकांना सांगून तो मकपेलाची गुहा मागतो. नगराच्या वेशीत, सर्वांच्या देखत, एफ्रोन आधी जमीन फुकट देण्याची भाषा करतो आणि मग बोलता बोलता किंमत सांगून टाकतो : 400 शेकेल (वजनाचे एक माप) रुपे, तुमच्या-माझ्यात एवढ्याचे काय! अब्राहाम घासाघीस न करता व्यापाऱ्यांत चालणारे रुपे तोलून देतो, आणि गुहा, शेत व शेतातली झाडे त्याच्या नावे होतात. अभिवचनाच्या देशात त्याच्या मालकीची झाली ती जमीन हीच. इब्री 11 म्हणते की हे सर्व जण अभिवचनांचे फळ न मिळता, ती दुरून पाहून विश्वासात मेले. उशीर हा अपवाद आहे अशी समजूत घेऊन शास्त्र वाचणाऱ्याने हा अध्याय सावकाश वाचावा.

शास्त्रातले प्रत्येक अभिवचन माझ्यासाठी आहे का?

नाही, निदान जसेच्या तसे नाही. यिर्मया 29:11 हे वचन घ्या. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, ते तुम्हाला भविष्य आणि आशा देणारे आहेत, असा त्याचा आशय आहे आणि परीक्षेपासून वाढदिवसापर्यंत ते सर्वत्र उद्धृत होते. मूळ पत्र यिर्मयाने बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना पाठवले होते. त्याच्या आदल्याच वचनात 70 वर्षांची मुदत आहे, आणि त्याआधी घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, अशा सूचना आहेत. पत्र हातात पडले तेव्हा जे चाळिशीत होते, त्यांच्यापैकी कोणी परत जाण्याची शक्यता जवळपास नव्हतीच. ख्रिस्तपूर्व 539 मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतले, त्यानंतर परतीची परवानगी मिळाली आणि परतणाऱ्यांत प्रामुख्याने त्यांची मुले-नातवंडे होती.

मग हे वचन आपण वापरूच नये काय? वापरावे, पण त्याच्या पूर्ण वजनानिशी. देव आपल्या लोकांना शिक्षेच्या काळातही टाकून देत नाही, त्याचे संकल्प एका माणसाच्या आयुष्याहून लांब असतात, हे त्यातून आजही खरे ठरते. पुढच्या महिन्यातल्या मुलाखतीचा निकाल त्यातून निघत नाही. पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 1ल्या अध्यायात म्हणतो की देवाची जितकी अभिवचने आहेत तितक्यांना ख्रिस्ताच्या ठायी होकार आहे. म्हणून जुन्या करारातले वचन आपल्यापर्यंत ख्रिस्ताच्या वाटेने येते, आणि त्या वाटेवर वधस्तंभ आहे.

काही अभिवचनांना अटी असतात का?

असतात, आणि त्या लपवलेल्या नसतात. अनुवाद या पुस्तकाच्या 28व्या अध्यायातले आशीर्वाद आज्ञापालनाशी जोडलेले आहेत. यिर्मयाच्या 18व्या अध्यायात देव स्पष्ट सांगतो की एखाद्या राष्ट्राविषयी मी नाशाची घोषणा केली आणि ते वळले, तर मीही योजलेले अरिष्ट आणणार नाही. योना संदेष्ट्याची तक्रार नेमकी याचीच होती : निनवे नगराला 40 दिवसांची मुदत दिली, लोकांनी पश्चात्ताप केला आणि नगर वाचले. उलट, नोहाला दिलेले वचन, की जलप्रलयाने पृथ्वीचा पुन्हा नाश होणार नाही, कोणाच्याही वागण्यावर अवलंबून नाही.

एका सेवकाने माझ्याविषयी भविष्यवाणी केली आणि ती खरी ठरली नाही. देवाने मला फसवले का?

यिर्मयाचा 28वा अध्याय हेच चित्र दाखवतो. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांसमोर, देवाच्या नावाने जाहीर करतो की दोन वर्षांच्या आत बाबेलाचे जू मोडेल आणि नेलेली पात्रे व माणसे परत येतील. यिर्मया तेव्हा मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता. त्याचे पहिले उत्तर पाहण्यासारखे आहे : आमेन, परमेश्वर तसेच करो. चांगली बातमी खरी व्हावी असे त्यालाही वाटत होते. मग तो म्हणतो की शांतीचे भाकीत करणारा संदेष्टा देवाने पाठवला की नाही, हे त्याचे शब्द खरे ठरल्यावर कळते. हनन्या त्याच्या मानेवरचे जू काढून मोडतो आणि यिर्मया निघून जातो. पुढे त्याला देवाचा शब्द मिळतो, की लाकडी जुवाच्या जागी लोखंडी येईल. हनन्या त्याच वर्षी मरतो.

तेव्हा माणसाने देवाच्या नावावर काढलेली हुंडी वटली नाही, याचा दोष देवाकडे जात नाही. तो ज्याने बोलून दाखवले त्याच्याकडे जातो, आणि मंडळीने ते त्याला प्रेमाने पण स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्यांच्या बाबतीत असे घडले, त्यांना ‘तुमचाच विश्वास कमी पडला’ असे ऐकवण्याची प्रथा मला क्रूर वाटते.

आम्ही विश्वासाने प्रार्थना केली, तरी आमचे माणूस गेले. मग अभिवचनाचे काय?

प्रेषितांच्या कृत्यांच्या 12व्या अध्यायात हेरोद योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो आणि नंतर पेत्राला तुरुंगात टाकतो. मंडळी पेत्रासाठी कळकळीने प्रार्थना करते, देवदूत त्याला सोडवतो, आणि तो दारात उभा राहिला तर ज्यांनी प्रार्थना केली तेच रुदा नावाच्या दासीला म्हणतात की तू वेडी आहेस. याकोबासाठी मंडळीने प्रार्थना केली नसेल असे मानायला जागा नाही. पेत्राच्या सुटकेच्या वेळी तिचा विश्वास फार मोठा होता, असेही नाही. दार ठोठावले गेले तरी तिला खरे वाटेना. एक गेला आणि एक वाचला, आणि हे पुस्तक लिहिणारा लूक याचे कारण देत नाही. पौलाने देहातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि त्याला काटा निघण्याऐवजी कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला दूर होण्याची विनंती केली, आणि प्याला त्याला प्यावाच लागला.

याकोब, पौल आणि येशू या तिघांनाही देवाने सोडले नाही, असे शास्त्र सांगते. शरीराचा प्रत्येक आजार या जन्मी बरा होईल असे सरसकट अभिवचन मला शास्त्रात आढळत नाही; पुनरुत्थानाचे आढळते, आणि ते मृत्यू टळण्याचे नसून मृत्यूनंतर उठवले जाण्याचे आहे. ज्याच्या घरात ताजे दुःख आहे त्याला हे वाक्य लगेच सांत्वन देईलच असे नाही. रडायला मुभा असावी. लाजराला उठवणार हे ठाऊक असलेला येशूही त्याच्या कबरीकडे जाताना रडला.

शंका येणे हे पाप आहे का? देवाकडे तक्रार केली तर चालते का?

मार्कच्या 9व्या अध्यायात आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप म्हणतो की मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका. येशू त्याला आधी विश्वास पुरा करून ये असे म्हणत नाही. मुलाला बरे करतो.

तक्रारीबाबत 89वे स्तोत्र पाहावे. पहिल्या 37 ओव्यांत देवाच्या विश्वासूपणाचे आणि दावीदाशी केलेल्या कराराचे भरभरून वर्णन आहे : त्याचे राजासन सूर्यासारखे टिकेल. 38व्या ओवीपासून सूर पालटतो. तू तर करार झुगारला, मुकुट धुळीला मिळवला, तुझी पूर्वीची दया कुठे गेली? स्तोत्राच्या अखेरीस या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, आणि तरीही हे स्तोत्र उपासनेच्या ग्रंथात आहे. देवाच्या शब्दाचा धागा हातात धरून देवालाच जाब विचारणे हा अविश्वास नाही. ज्याला शब्दाची पर्वाच नाही तो जाब कशाला विचारील?

देवावर भरवसा असेल तर औषध, बचत आणि धडपड कशासाठी?

कृत्यांच्या 27व्या अध्यायात वादळात सापडलेल्या जहाजावर 276 माणसे आहेत. देवदूताने पौलाला सांगितले आहे की जहाज जाईल, पण कोणाचाही जीव जाणार नाही. त्यानंतर खलाशी नांगर टाकण्याच्या मिषाने होडी सोडून पळू पाहतात, तेव्हा पौल शताधिपतीला बजावतो की ही माणसे जहाजात राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात. पौल सर्वांना जेवायला लावतो, उरलेले धान्य समुद्रात टाकून जहाज हलके केले जाते, आणि शेवटी कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, असे सगळे मिलिता बेटावर पोहोचतात. वचन पक्के होते म्हणून पौल हातावर हात धरून बसला नाही, आणि कोणी त्याला अल्पविश्वासी म्हटले नाही. औषध घेणे या शिस्तीतच बसते.

मग भरवसा आणि देवाची परीक्षा पाहणे यांत फरक काय?

सैतानाने येशूला मंदिराच्या कड्यावर उभे करून 91वे स्तोत्रच ऐकवले : देवदूत तुला हातांवर झेलतील. वचन खरे होते, त्याचा वापर खोटा होता. देवाने न सांगितलेली उडी मारून त्याला झेलायला भाग पाडणे म्हणजे परीक्षा पाहणे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ‘विश्वासाने’ बंद करणारे याच कड्यावर उभे असतात, हे मी स्पष्ट लिहितो.

मीच देवाशी बेइमानी केली. आता त्याची अभिवचने माझ्यासाठी उरली आहेत का?

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायात दोन वाक्ये शेजारी आहेत : आपण त्याला नाकारले तर तोही आपल्याला नाकारील; आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःविरुद्ध वागता येत नाही. पहिले वाक्य गाळून दुसरे वाचणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक नाही. पेत्राने तीनदा नाकारले, आणि तो परत आला, कारण तो पडण्याआधीच त्याचा विश्वास ढळू नये म्हणून येशूने विनंती केली होती. नाकारण्यात मुक्काम करणारा आणि पडून परत येणारा यांत अंतर आहे. तुम्ही हा प्रश्न विचारत आहात, यावरून तुम्ही वळला आहात असे दिसते.

वाट पाहण्याच्या काळात नेमके काय करावे?

शास्त्रातली प्रतीक्षा कामात असते. बाबेलातल्यांना मळे लावायला सांगितले होते. दानीएल यिर्मयाचे लेख वाचून 70 वर्षांचा हिशेब समजून घेतो, आणि मुदत भरत आली म्हणून निश्चिंत होण्याऐवजी उपास, गोणपाट आणि राख घेऊन प्रार्थनेला बसतो. दिलेल्या वचनासाठीच मागणे त्याला विसंगत वाटत नाही. सर्वांत व्यवहारी उदाहरण मात्र यिर्मयाच्या 32व्या अध्यायातले. यरुशलेमेला बाबेलाच्या सैन्याचा वेढा पडला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि चुलतभाऊ हनामेल अनाथोथ येथील शेत विकायला येतो. देवाच्या सांगण्यावरून यिर्मया 17 शेकेल रुपे तोलून देतो, खरेदीखतावर सही करून ते मोहरबंद करतो, साक्षीदार घेतो, आणि आपला लेखक बारूख याला सांगतो की मोहरबंद प्रत व खुली प्रत दोन्ही मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. कारण देवाचा शब्द असा होता की या देशात घरे व शेते पुन्हा विकत घेतली जातील. व्यवहार झाल्यावर तो देवाला विचारतो की नगर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती गेल्यात जमा आहे, मग हे काय? आधी खत केले, मग शंका मांडली. ज्यांना उमेद वाटल्याशिवाय आज्ञा पाळता येत नाही असे वाटते, त्यांनी हा क्रम पाहावा.

खचलेल्या माणसाला देवाची वचने कशी सांगावीत?

थोडी आणि उशिरा. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, आणि त्यांनी केलेले तेवढेच काम निर्दोष होते; बोलू लागल्यावर त्यांनी देवाच्या बाजूने चुकीची वकिली केली आणि अखेरीस देवानेच त्यांना फटकारले. भेटायला जाताना वचनांची यादी घेऊन जाऊ नये. त्या माणसाला आधीपासून प्रिय असलेला एखादा शास्त्रभाग असेल तर त्याने म्हटल्यावर वाचावा. विलापगीताचा 3रा अध्याय वाचायचा असेल तर त्याची दया दररोज सकाळी नवी होते, या प्रसिद्ध ओळींपासून सुरुवात करू नये. अध्यायाच्या आरंभापासून, जिथे बोलणारा म्हणतो की देवाने मला अंधारात चालवले, तिथून वाचावे, आणि ऐकणारा मध्येच थांबा म्हणाला तर थांबावे.